बंपर लागलाच तर? तिकिटापासून मृत्युपत्रापर्यंत सगळं

बंपर म्हणजे राज्य लॉटरीचं सणासुदीचं मोठं बक्षीस. दिवाळी बंपर, गुढीपाडवा बंपर, केरळचा ओणम बंपर, कुठलाही घ्या, तिकीट घेतलं की डोक्यात यादी सुरू होते. आईला बांगड्या, होमलोन खल्लास, बॉसच्या टेबलावर राजीनामा, एक काळी फॉर्च्युनर. ही यादी सगळ्यांकडे असते. पण पैसे खरंच आले तर पहिल्या पंधरा दिवसांत काय करायचं याची यादी कुणाकडेच नसते, आणि माझ्या मते गडबड सगळी तिथंच होते. लागायची शक्यता नसल्यात जमा आहे हे मान्य, त्यावर वाद नको, तिकिटावर आता ४० टक्के जीएसटी आहे हेही मान्य. तरी कुणाला तरी लागतोच ना. त्या कुणाला तरीसाठी हे.

सगळ्यात आधी नंबर नीट बघा. म्हणजे खरंच नीट. बंपरमध्ये आकडा आणि सिरीज दोन्ही जुळावं लागतं, नुसता आकडा जुळला आणि सिरीज वेगळी निघाली तर ते उत्तेजनार्थ बक्षीस, कोटींच्या मानानं अगदीच छोटी रक्कम. स्टॉलवर चिकटवलेला कागद, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो, यूट्यूबवरचा रिझल्ट यांच्यावर विसंबू नका. राज्य लॉटरीच्या सरकारी वेबसाईटवर बघा. केरळवाले तर निकालातच स्पष्ट लिहितात की सरकारी राजपत्रातला नंबर ताडून बघा. आणि स्टॉलवाल्याला तिकीट "जरा चेक करून द्या" म्हणून हातात देऊ नका. माणूस चांगला असेल हो, पण सही न केलेलं तिकीट ज्याच्या हातात त्याचं, एवढं साधं आहे ते.

म्हणून लगेच मागच्या बाजूला नाव, पत्ता, सही. पेनानं. मग दोन्ही बाजूंचा फोटो आणि झेरॉक्स. लॅमिनेशन अजिबात करायचं नाही, लोक जपण्याच्या नादात करतात आणि मग सरकारी ऑफिसात तिकिटाची तपासणी करताना अडचण येते. घडी घालून पाकिटात नको, शर्टच्या खिशात तर नकोच, खिशासकट वॉशिंग मशिनमध्ये जातं. प्लॅस्टिकच्या पाऊचमध्ये घालून बँक लॉकर. लॉकर नसेल तर घरातल्या कपाटात कुलपात, आणि दुसऱ्या दिवशी बँकेत.

क्लेमची मुदत तिकिटाच्या मागं छापलेली असते ती वाचा. छोटी बक्षिसं एजंटकडेच मिळतात, मोठ्यासाठी राज्याच्या लॉटरी ऑफिसकडे जावं लागतं, महाराष्ट्राचं ते वाशीला आहे. मूळ तिकीट, पॅन, आधार, फोटो, बँकेचे डिटेल्स, क्लेम फॉर्म, साधारण एवढं लागतं. तिकीट देताना पोच घ्या. केरळात बरेच जण थेट ऑफिसात न जाता राष्ट्रीयीकृत बँकेत तिकीट जमा करतात आणि बँक पुढचं बघते, त्यात एक फायदा म्हणजे तुम्ही कुठल्या काउंटरवर उभे आहात हे चार लोकांना दिसत नाही.

या मधल्या काळात कुणीतरी येऊन सांगेल की साहेब, तिकीट मला द्या, टॅक्स कापून तुम्हाला जेवढे मिळणार त्यापेक्षा जास्त रोख देतो, आजच. ऐकायला झकास वाटतं. हा माणूस काळ्याचं पांढरं करतोय, त्याला बक्षीस दाखवून स्वच्छ पैसा हवाय, आणि तुमच्या घरात मात्र हिशेब न लागणारी रोकड येऊन पडणार. २ लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं हाच कायद्यानं गुन्ह्यासारखा प्रकार आहे, घेतली तेवढाच दंड बसतो. चहा पाजा आणि वाटेला लावा. चहाही नको खरं तर.

आणि तिकीट घेतलंच नसेल आणि तरी "आपको पच्चीस लाख की लॉटरी लगी है" असा मेसेज आला असेल तर पुढचं वाचायची गरजच नाही, ते केबीसीच्या नावानं चालणारं फ्रॉड आहे. बक्षीस मिळवायला आधी "प्रोसेसिंग फी" किंवा "जीएसटी" भरा असं कुठलीही खरी लॉटरी सांगत नाही, टॅक्स बक्षिसातून कापतात, तुमच्याकडून गूगल पे वर मागत नाहीत. पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन. परदेशी लॉटरीची तिकिटं इथं बसून ऑनलाईन घेणंही तसंच, त्यासाठी भारतातून पैसे पाठवायला फेमामध्ये, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्यात, बंदीच आहे. दुबई-अबुधाबीत नोकरीला असलेल्या आपल्या लोकांची गोष्ट वेगळी, ते तिथं राहून तिकीट घेतात.

तिकीट कॉन्ट्रीत घेतलं असेल तर

ऑफिसात, रिक्षा स्टँडवर, लोकलच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी पन्नास-पन्नास काढून तिकीट घेणं कॉमन आहे. याचं सगळ्यात भारी उदाहरण केरळचं. २०२३ च्या मान्सून बंपरमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या परप्पनंगडीच्या ११ बायकांना १० कोटी लागले, घरोघरचा प्लॅस्टिक कचरा गोळा करणाऱ्या हरित कर्म सेनेतल्या. तिकीट २५० चं. नऊ जणींनी २५-२५ रुपये काढले आणि दोघींकडे तेवढेही नव्हते म्हणून त्या दोघींनी साडेबारा-साडेबारा करून एक वाटा घेतला. आता हे कुणी किती दिले हे त्यांना पक्कं माहीत होतं म्हणून बरं. आपल्याकडे काय होतं, एक जण म्हणतो मी पुढच्या आठवड्यात देतो, दुसरा म्हणतो मागच्या वेळचे माझे तुझ्याकडे आहेत, त्यातून अ‍ॅडजस्ट कर. पाच रुपयांचा मामला असतो तोवर चालतं.

तेव्हा तिकीट घेतल्या घेतल्या ग्रुपवर तिकिटाचा फोटो टाका, खाली कुणाचे किती रुपये आले ते लिहा आणि प्रत्येकानं "ओके" म्हणू दे. ड्रॉच्या आधी. ड्रॉनंतर लिहिलेल्या कागदाला काही अर्थ नाही, तेव्हा प्रत्येकाची आठवण वेगळी असते. लागलं तर सगळ्यांच्या नावानं क्लेम करा, जॉइंट म्हणून, सीएला विचारून. एकाच्या नावावर सगळे पैसे आणि टॅक्स घेऊन मग बाकीच्यांना वाटायला गेलात तर ते पैसे त्यांच्या हातात मित्रानं दिलेली भेट म्हणून परत टॅक्सात यायची भीती.

तोंड बंद

हा भाग मी लांब लिहिणार आहे कारण बाकी सगळं सीए करून देतो, हे कुणी करून देत नाही.

२०२२ चा ओणम बंपर २५ कोटींचा होता, तोवरचा सगळ्यात मोठा. तिरुवनंतपुरमच्या एका रिक्षावाल्याला लागला. टीव्हीवर नाव, फोटो, घर, बायकोपोरं, सगळं दाखवलं. आठवडाही झाला नाही तर त्याचा व्हिडिओ आला की मला हे लागलंच नसतं तर बरं झालं असतं, दारात लोकांची रांग, कुणाला ऑपरेशनला पैसे हवेत, कुणाला लग्नाला, स्वतःच्या घरात राहता येईना, पोराला बरं नाही तर दवाखान्यात नेता येईना. गंमत म्हणजे तेव्हा त्याच्या खात्यात एक पैसाही आलेला नव्हता. त्यानंतर केरळच्या लॉटरी खात्यानं विजेत्यांसाठी पैसे कसे सांभाळायचे याचा एक दिवसाचा क्लासच सुरू केला, गुलाटी इन्स्टिट्यूट या तिथल्या अर्थ आणि करविषयक संस्थेच्या मदतीनं. सरकारला क्लास घ्यावासा वाटला यावरून समजा.

दुसरं उदाहरण लॉटरीचं नाही पण अगदी जवळचं. २०११ मध्ये केबीसीत ५ कोटी जिंकलेला बिहारच्या मोतीहारीचा तरुण. त्यानं २०२० मध्ये स्वतःच लिहिलं की जिंकल्यानंतरची काही वर्षं आयुष्यातली सगळ्यात वाईट होती. लोकांच्या नादी लागून धंद्यात पैसे घातले, गुप्तदान म्हणून दर महिन्याला देत सुटला, त्यात कित्येकांनी फसवलं, बायकोशी भांडणं, दारू-सिगरेट. त्याच्यावर ना दरोडा पडला ना शेअर बाजार कोसळला. लोक मागत गेले आणि तो देत गेला.

मग सांगायचं कुणाला? बायकोला किंवा नवऱ्याला. एका सीएला. एका वकिलाला, आणि तो गावातला, चुलत्याच्या ओळखीचा नको, दुसऱ्या शहरातला बघा. बास. पोरांना लगेच नको, शाळेच्या व्हॅनमध्ये पहिली बातमी फुटते. आईवडिलांना सांगायचं की नाही हे तुमच्या आईवडिलांवर आहे. काही आया पोटात ठेवतात, काही आया शेजारच्या काकूंना "कुणाला सांगू नका हं" म्हणून सांगतात.

एजंट फोटो मागेल. त्याला बॅनर लावायचाय, "याच स्टॉलवर लागला बंपर", त्याचा तो धंदाच आहे, त्याचा राग नको. पण फोटो देणं तुमच्यावर बंधनकारक आहे का ते लॉटरी ऑफिसात आधी विचारा, आणि नसेल तर नाही म्हणा, पेढे द्या, एजंटला त्याचं कमिशन तसंही मिळतंच. नवीन सिमकार्ड घ्या आणि बँक, सीए, वकील यांना तोच नंबर द्या. फेसबुकवरचे घराचे, पोरांच्या शाळेचे फोटो काढून टाका. आणि तरी बातमी फुटली तर पंधरा दिवस सुट्टी टाकून गावाबाहेर जा, पण सासुरवाडीला नाही.

टॅक्स: किती आपले, किती नाहीत

इथं सगळ्यात जास्त लोक फसतात कारण त्यांना वाटतं ३० टक्के कापले की संपलं. नाही संपत.

ओणम बंपरचंच गणित घेऊ. बक्षीस २५ कोटी. २०२२ ला विजेत्याच्या रकमेतून १० टक्के एजंटचं कमिशन गेलं, तेच धरू, म्हणजे अडीच कोटी. उरले २२.५. त्यावर ३० टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला टॅक्स, पावणेसात कोटी. खात्यात आले १५ कोटी ७५ लाख. पेपरात हाच आकडा येतो आणि माणूस याच आकड्यावर स्वप्नं बांधतो. पण मोठ्या उत्पन्नाच्या टॅक्सवर सरचार्ज, म्हणजे जादा कर लागतो, ५ कोटींच्या वर नव्या रिजीममध्ये (टॅक्सच्या नव्या पद्धतीत) २५ टक्के, जुन्यात ३७. आणि या दोन्हींवर मिळून ४ टक्के सेस. नव्या रिजीमनं सरचार्ज आणि सेस मिळून २ कोटी अडीच लाख अजून भरायचे असतात, ते टीडीएसमध्ये कापलेले नसतात. हातात खरे उरतात १३ कोटी ७२ लाखांच्या आसपास. जुन्या रिजीमनं १२ कोटी ८८ लाख. तर २५ कोटींच्या बातमीतले तुमचे एवढे.

छोट्या रकमेलाही तेच. १ कोटी लागले, ३० लाख कापून ७० आले. नुसतं तेवढंच उत्पन्न असेल तर सरचार्ज १० टक्के आणि सेस धरून अजून ४ लाख ३२ हजार द्यायचे. त्यात तुमचा पगार मिळवून आकडा कोटीच्या वर गेला तर सरचार्जचा पट्टा १५ टक्क्यांचा, त्यात मार्जिनल रिलीफ वगैरे भानगड असते, ती सीएवर सोडा.

यात सूट कसलीच नाही. बेसिक एक्झम्प्शन नाही, ८०सी नाही, मंदिराला देणगी देऊन ८०जी घेऊ असं कुणी सांगितलं तर तेही या रकमेला चालत नाही, आजवर घेतलेल्या हजारो तिकिटांचा खर्चही वजा होत नाही. सपाट ३० टक्के, पहिल्या रुपयापासून.

उरलेला टॅक्स रिटर्नच्या वेळी भरू म्हणाल तर व्याज लागतं. लॉटरी आधीपासून अंदाज बांधता येईल असं उत्पन्न नाही हे कायद्यालाही कळतं, म्हणून लागण्याआधीच्या अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या हप्त्यांचा दंड नाही, पण त्यानंतर जे हप्ते येतात, १५ डिसेंबर असो की १५ मार्च, त्यात भरून टाकायचं. मी तर म्हणेन पैसे आले त्याच आठवड्यात भरा, म्हणजे ते आपले आहेत असं वाटायलाच नको. मग २६एएस मध्ये, म्हणजे तुमच्या नावावर कापलेल्या टॅक्सच्या उताऱ्यात, टीडीएस दिसतोय का बघा. आणि रिटर्न आयटीआर-१ नं भरता येत नाही, लॉटरी असली की आयटीआर-२, धंदा असेल तर ३.

पैसे ठेवायचे कुठं, सहा महिने

सहा महिने काहीच करायचं नाही. घर नाही, गाडी नाही, शेअर नाही, मेव्हण्याचा पेट्रोल पंप नाही. फक्त कर्ज फेडायचं, ते लगेच: क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, सोनं तारण, मग होमलोन. होमलोन फेडून बँकेकडून मूळ कागद आणि नो ड्यूज घ्या.

बाकीचे पैसे झोपवून ठेवायचे. कुठं? इथं पतसंस्थेचे चेअरमन घरी येतील, अर्धा टक्का जास्त देतो म्हणतील, ओळखीचे असतील, तुमच्या बाबांबरोबर तालमीत गेलेले असतील. बँकेतल्या ठेवीला विमा असतो तो एका माणसाला एका बँकेत ५ लाखांचा, व्याज धरून. पतसंस्थेला तोही नाही. २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून हजार रुपये काढता येत होते, लाखो असले तरी हजारच. आता १३ कोटी विम्याच्या आत बसवायचे तर २६० बँकांत खाती काढावी लागतील, म्हणजे तो मार्ग नाहीच.

त्यापेक्षा मोठ्या सरकारी बँकांत थोडं, आणि बाकी ट्रेझरी बिलं, म्हणजे सरकारला थोड्या दिवसांसाठी दिलेलं कर्ज. रिझर्व्ह बँकेचं रिटेल डायरेक्ट म्हणून खातं आहे, २०२१ पासून, फुकट उघडतं, त्यातून ९१, १८२, ३६४ दिवसांची सरकारी बिलं थेट घेता येतात. व्याज डोळे दिपवणारं नाही पण समोर भारत सरकार आहे. १८२ दिवसांचं बिल घ्या, ते मॅच्युअर होईपर्यंत तुमचं डोकंही ताळ्यावर येतं.

एक हिशेब करून बघा, या काळात करायचं काम तेच आहे. १३ कोटींवर वर्षाला ६ टक्के धरले तरी ७८ लाख. दुसरं उत्पन्न नसेल तर टॅक्स जाऊन ५६ लाखांच्या आसपास उरतात, महिन्याला साडेचार लाखांच्या वर. ऐकून मस्त वाटतं, पण हे सगळं दर महिन्याला उडवलं तर १३ कोटी तेवढेच राहतात आणि महागाई त्यांना वर्षागणिक खाते. म्हणून निम्मं खर्चायचं, निम्मं परत मुद्दलात. निम्म्यातही महिन्याला सव्वादोन लाख आहेत राव.

आणि १ कोटीवाल्यांनी तर हे दोनदा वाचावं. टॅक्स जाऊन ६५ लाख. त्यावर महिन्याला साधारण तीस-बत्तीस हजार. म्हणजे १ कोटी लागले म्हणून नोकरी सोडायची नसते, १ कोटी लागले म्हणून कर्ज फिटतं आणि पोरांच्या शिक्षणाची चिंता मिटते. १३ कोटी लागले तरी राजीनामा लगेच नको, बिनपगारी रजा घ्या. घरी सतत बसलेल्या माणसाला सल्ले द्यायला लोक फार येतात.

बँकेत एवढी रक्कम आली की रिलेशनशिप मॅनेजर नावाचा एक गोड मुलगा किंवा मुलगी तुम्हाला मिळते, केबिनमध्ये बसवतात, कॉफी देतात, आणि टेबलावर एक ब्रोशर सरकवतात. "सर, टॅक्स फ्री आहे." वर्षाला अडीच लाखांच्या वर प्रीमियम असलेल्या युलिपची, म्हणजे विमा आणि गुंतवणूक एकत्र असलेल्या पॉलिसीची, मॅच्युरिटी २०२१ पासून टॅक्स फ्री नाही. साध्या पॉलिसीचं ५ लाखांच्या वर २०२३ पासून तेच. पीएमएस आणि एआयएफ या श्रीमंतांसाठीच्या गुंतवणूक योजना, पीएमएस किमान ५० लाखांचं असतं, एआयएफ १ कोटीचं, आणि तुम्ही आता त्या रकमेत बसता म्हणून ते समोर येतं, तुम्हाला त्याची गरज आहे म्हणून नाही. सेबीकडे नोंदणी असलेला, फक्त फी घेणारा, कमिशन न घेणारा सल्लागार शोधा. लाखभर फी मागेल. द्या. घासाघीस करायची सवय भाजी मंडईत ठेवा.

नातेवाईक

एक वही करा. खरी वही, दोनशे पानी. सगळ्यात आधी एक रक्कम ठरवा, टॅक्स गेल्यावर उरलेल्याच्या दहा टक्क्यांच्या आत, ती नातेवाईक आणि गाव यांची. त्या रकमेत जे बसेल ते बसेल. मग नावं लिहा, कुणी मागायच्या आधी. बहिणीचं कर्ज, काकूचं गुडघ्याचं ऑपरेशन, ज्या मामानं कॉलेजची फी भरली होती तो मामा. प्रत्येकासमोर आकडा. एकदाच द्यायचे, चेकनं किंवा आरटीजीएसनं, सोबत साधं गिफ्ट डीड. दर महिन्याला कुणालाही नाही.

कोण नातेवाईक हे कायद्यात ठरलेलं आहे आणि ते जरा मजेशीर आहे. भाऊ, बहीण, आईवडील, मुलं, नातवंडं, बायकोची भावंडं, साडू, यांना कितीही द्या, घेणाऱ्याला टॅक्स नाही. मामानं भाच्याला दिले तर टॅक्स नाही. पण भाच्यानं मामाला दिले तर आहे! कारण घेणाऱ्याच्या बाजूनं बघतात, आणि मामाच्या नातेवाईकांच्या यादीत भाचा येत नाही. काका-पुतण्याचं तेच. चुलत, मावस, आतेभाऊ तर कुठूनच नातेवाईक नाहीत, वर्षाला सगळ्यांकडून मिळून ५० हजारांच्या वर मिळाले तर पूर्ण रकमेवर त्यांना टॅक्स. मित्रालाही तेच. तेव्हा ज्या मामानं फी भरली त्याला द्यायचं तर आईला द्या आणि आई तिच्या भावाला देईल, दोन्ही भेटी नातेवाईकांच्या यादीत बसतात, फक्त आईला आधी विश्वासात घ्या.

बायकोला किंवा सुनेला भेट दिली तर भेटीवर टॅक्स नाही पण त्या पैशाचं व्याज तुमच्याच उत्पन्नात धरतात. आईवडिलांना आणि सज्ञान मुलांना दिलं तर तसं नाही. आईवडील साठीच्या पुढचे असतील तर त्यांच्या नावानं सिनियर सिटीझन स्कीममध्ये प्रत्येकी ३० लाख टाकता येतात, दर तीन महिन्यांनी व्याज त्यांच्या खात्यात, त्यांना कुणाकडे हात पसरायला नको. माझ्या मते या सगळ्या पैशातला सगळ्यात चांगला खर्च हाच.

उसने मागणाऱ्यांना उसने देऊ नका. द्यायचेच तर भेट म्हणून द्या, छोटी रक्कम, आणि विसरा. पाच लाख उसने देऊन मैत्री आणि पैसे दोन्ही घालवण्यापेक्षा पंचवीस हजार भेट स्वस्त पडते. जामीन राहायचं नाही, कुणालाही, पतसंस्थेच्या फॉर्मवर सही नाही, कोरा चेक नाही. आणि नाही म्हणताना कारणं देत बसू नका, कारण दिलं की समोरचा त्यावर तोडगा काढतो. "पैसे सगळे बांधलेत, सीए आणि बायको दोघांच्या सहीशिवाय निघत नाहीत" एवढं एक वाक्य पाठ करा. बायकोनंही हेच नवऱ्याचं नाव घेऊन म्हणायचं.

भाऊ वाटणी मागायला आला तर? तिकीट तुम्ही तुमच्या पैशानं घेतलंय, ती तुमची स्वतःची मिळकत, वडिलोपार्जित नाही. द्यायचं तर प्रेमानं द्या, हक्क म्हणून नाही. गणपती मंडळ येईल, देवळाच्या जीर्णोद्धाराची पावती येईल, झेडपीला उभं राहा म्हणणारे येतील. नवस बोलला असाल तर तो फेडा, जेवढा बोललात तेवढा. झेडपीला उभं राहू नका.

घर आणि जमीन

सहा महिन्यांनंतर. घर घेताना फ्लॅटच्या किमतीवर थांबू नका, मुंबईत ६ टक्के, पुण्यात ७ टक्के स्टँप ड्युटी, बांधकाम चालू असेल तर जीएसटी, वर इंटिरियर. बाईच्या नावानं घेतलं तर महाराष्ट्रात स्टँप ड्युटीत एक टक्का सूट आहे. ५० लाखांच्या वर व्यवहार असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना १ टक्का टीडीएस कापून भरायचं काम घेणाऱ्याचं, म्हणजे तुमचं, हे बरेच जण विसरतात आणि नोटीस येते. महारेरा नंबर, म्हणजे बिल्डरच्या प्रोजेक्टची सरकारी नोंदणी, बघा.

जमिनीची हौस आपल्या लोकांना फार. कोकणात दोन एकर, आंब्याची कलमं, समुद्र दिसला पाहिजे. तर महाराष्ट्रात जो शेतकरी नाही त्याला शेतजमीन सरळ घेता येत नाही, कुळकायद्याचं कलम ६३, कलेक्टरची परवानगी लागते. "शेतकरी दाखला आम्ही करून देतो" म्हणणारा एजंट तुम्हाला कोर्टात घेऊन जातोय. तुमच्या नावावर आधीपासून सातबारा असेल तर प्रश्न नाही, पण घ्यायच्या जमिनीचा सातबारा मात्र स्वतः वाचा: हिस्सेदार किती, त्यातले मुंबईला किती, इतर हक्कात कुळाचं नाव किंवा बँकेचा बोजा आहे का. एका गुंठ्याला अकरा बहिणी-भाऊ लागलेले असतात आणि विकणारा सांगतो बाकीच्यांचं मी बघतो. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट आणि पेपरात जाहीर नोटीस, मगच इसार. समुद्राच्या अगदी जवळ सीआरझेडमुळे, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या नियमांमुळे, बांधता येत नाही, मग तो प्लॉट नुसता बघायचा.

मौजेला वेगळी रक्कम काढा आणि ती खरंच उडवा. काही लोक एवढे घाबरतात की कोटी असून स्लीपर क्लासनं फिरतात, तेही नको. दोन टक्के काढा, युरोप करा, आईला विमानानं काशीला न्या, पैठणी घ्या, फॉर्च्युनर घ्यायचीच असेल तर या रकमेत बसली तर घ्या. गाव बघतंच, पण गाव तर तुम्ही काय भाजी आणता तेही बघतं.

शेवटचं काम लोक टाळतात, मृत्युपत्र. बँकेत नॉमिनी टाकला म्हणजे झालं असं नाही, नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालक वारस असतो, आणि दोन्ही एकच माणूस असेलच असं नाही. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात, ते लावा, पण मृत्युपत्र वेगळं करा. साध्या कागदावर चालतं, रजिस्टर करायची सक्ती नाही, तरी करून घ्या. दोन साक्षीदार लागतात, दोघांनी तुमची सही होताना बघितलेली पाहिजे, आणि ज्यांना त्यात काही मिळणार नाही असेच निवडा, वयानं तुमच्यापेक्षा लहान. डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा. मूळ प्रत लॉकरमध्ये, तिकीट ठेवलं होतं त्याच, आणि लॉकरची दुसरी किल्ली कुठं आहे ते घरात एकाला तरी माहीत असू दे.